तंबू दोघांत एक, पाणी ज्याचं त्याचं

बेळगावच्या उद्यमबागेत माझं टर्निंगचं छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक ड्रिल आणि मालाचं वजन करायला इलेक्ट्रॉनिक काटा. अमेरिकेतल्या वाळवंटी डोंगरांतून पाठीवर बिऱ्हाड घेऊन १९ दिवस चालायचं ठरलं, तेव्हा निम्मी तयारी मी या काट्यावर केली. त्यामुळे खाली ग्रॅम आणि किलो जरा जास्त येतील. तेवढं सांभाळून घ्या.

वाटेचं नाव ॲरिझोना ट्रेल. मेक्सिकोच्या सीमेपासून युटा राज्याच्या हद्दीपर्यंत ८०० मैल, म्हणजे १,२९० किलोमीटरच्या आसपास. फ्लॅगस्टाफ गावातल्या डेल शेवॉल्टर नावाच्या शाळामास्तरानं १९८५ साली हे राज्य दक्षिणेकडून उत्तरेकडं पायी पार केलं आणि अशी सलग वाट व्हावी म्हणून तो लोकांच्या मागं लागला. २००९ मध्ये वाटेला राष्ट्रीय दर्जा मिळाला, २०११ च्या अखेरीला शेवटचा तुकडा जोडला. एकूण टप्पे ४३. त्यातले दक्षिणेकडचे पहिले अकरा आम्ही दोघांनी केले, सीमेपासून टूसॉन शहराच्या डोक्यावर असलेल्या माउंट लेमनपर्यंत. साधारण ३०० किलोमीटर.

आम्ही दोघं म्हणजे मी आणि माझा टिळकवाडीतला शाळासोबती. तो वीस वर्षं फिनिक्सला आहे. त्याचे पाय लांब आणि बोलणं कमी, माझं दोन्ही उलट. बायको म्हणाली, "काटे टोचून घ्यायला अमेरिकेला कशाला जायला पाहिजे? यल्लम्माच्या डोंगरावर काय कमी आहेत काय?" तिला गंमत करायची होती, पण माझी सगळी तयारी त्याच डोंगराकडून सुरू झाली.

आधी पूर्वेला चाला

बेळगावचा माणूस डोंगर म्हटलं की पश्चिमेला तोंड करतो. जांबोटी, आंबोली, चोर्ला. सावली, धुकं, पावलापावलाला झरा. वाळवंटाच्या तयारीला त्याचा उपयोग शून्य. आपल्या शहरात वर्षाला पन्नासेक इंच पाऊस पडतो, टूसॉनला अकरा-बारा. दोन्ही गावांची समुद्रसपाटीपासूनची उंची मात्र जवळजवळ सारखी, अडीच हजार फुटांच्या आगेमागे. तेव्हा सराव करायचा तर गोकाक, सौंदत्ती, रामदुर्गाकडं जा. लाल-पिवळा वाळूचा दगड, खुरटी झुडपं, वेडी बाभूळ, फड्या निवडुंग आणि डोक्यावर सणसणीत ऊन. आणि गंमत बघा, आपल्या बांधावरचं घायपात आणि तो फड्या निवडुंग, दोघांचं माहेर अमेरिका खंडातच. तिथं पहिल्यांदा घायपाताचा तुरा बघितला तेव्हा मला ओळखीचा माणूस भेटल्यासारखं झालं.

माझा सराव असा. डिसेंबरपासून आठवड्यातून दोनदा पहाटे राजहंसगड. सॅकमध्ये सहा लिटर पाणी भरून वर जायचं, वर ते झाडांच्या बुंध्याला ओतायचं आणि रिकामं उतरायचं. पन्नाशीला टेकलेल्या गुडघ्यांना चढ सोसतो, ओझं घेऊन उतरणं सोसत नाही. वाळूची पिशवी किंवा पुस्तकं भरून घेणाऱ्यांना हे सुचत नाही, कारण त्यांना ती परत आणावी लागतात.

फेब्रुवारीत एकदा बेळगावहून यल्लम्माच्या डोंगरापर्यंत पायी गेलो, बैलहोंगलमार्गे ऐंशीएक किलोमीटर, तीन दिवसांत, पूर्ण ओझ्यासह. लहानपणी आजीबरोबर बैलगाडीतून गेलो होतो. तेव्हाचा क्रम आठवत होता. पहाटे चारला गाड्या जुंपायच्या, दहा-साडेदहाला विहिरीजवळच्या झाडाखाली सोडायच्या, भाकरी खाऊन आडवं व्हायचं, चार वाजता पुन्हा जुंपायच्या आणि अंधार पडला की थांबायचं. विहीर कुठं आहे त्यावरून मुक्काम ठरायचा. पाय किती दुखतात ते कुणी विचारायचं नाही. ॲरिझोनात आम्ही तंतोतंत हाच क्रम पाळला. फक्त आजीच्या जागी मोबाइलमधला नकाशा होता आणि तो आजीइतका खात्रीचा नव्हता.

तीन दिवसांत बूट एक नंबर मोठे घ्यायला हवेत हे कळलं. उन्हात पाय सुजतात. वाळवंटात पाणी न शिरणारे चामडी बूट घेऊ नका, आत घाम कोंडतो आणि फोड येतात. जाळीचे, हवा खेळणारे, हलके घ्या. दुपारच्या मुक्कामात बूट-मोजे काढून पाय उघडे ठेवा. फोड येण्याआधी, जागा नुसती गरम लागायला लागली की पट्टी लावा. "पुढच्या वळणावर बघू" म्हणालात की संपलं.

कधी निघायचं

या वाटेची मेख अशी की ती एकाच आठवड्यात तुम्हाला थंडीनं कुडकुडवते आणि उन्हानं भाजते. दक्षिण ॲरिझोनात सपाट वाळवंटातून सुटे सुटे डोंगर उठलेले आहेत, वाच्युका, सांता रीटा, रिंकन, सांता कॅटॅलिना. तिथले लोक त्यांना आकाशातली बेटं म्हणतात. खाली निवडुंग, वर पाइनचं दाट रान. फार लवकर निघालात तर माथ्यावर बर्फ, उशीर केलात तर खाली पाणी आटलेलं आणि साप जागे झालेले. उत्तरेकडं जाणारे बहुतेक लोक मार्चच्या सुरुवातीपासून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत निघतात. आम्ही मार्चच्या मध्यावर निघालो. वरचं बर्फ वितळून ओढ्यांना थोडं पाणी होतं आणि खाली दुपारचं ऊन २५-२८ अंशांपर्यंतच होतं. बेळगावकराला ते ऊन वाटत नाही. फसवणूक तिथंच होते, कारण हवा इतकी कोरडी असते की घाम दिसतच नाही, अंगावर नुसतं मीठ उरतं.

सुरुवात माँटेझुमा खिंडीतून होते. खिंडच ६,५७५ फुटांवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षा हजार फूट वर तुम्ही गाडीतून उतरता. आधी दोन मैल खाली उतरून सीमेवरच्या १०२ नंबरच्या खांबाला हात लावायचा, मग तेवढंच वर यायचं, मग खरी चढण. बेळगावच्या माणसाला सीमेचं अप्रूप नसतं. बाची सोडलं की शिनोळी, मधे राज्य बदलतं, आणि १९५६ पासूनचा त्यावरचा वाद ऐकत आपण मोठे झालो. तरी त्या खांबाशी फोटो काढलाच. पासपोर्ट आणि देशात शिरल्याच्या नोंदीचा आय-९४ चा कागद मात्र अंगावर ठेवा. सीमेजवळ गस्तीच्या गाड्या फिरतात, आम्हालाही एकदा विचारलं.

पहिल्याच दिवशी वाट मिलर शिखराच्या खांद्यावरून जाते. शिखर ९,४६६ फूट. उत्तरेच्या अंगाला मांडीएवढं बर्फ होतं. सुरुवातीच्या राखीव क्षेत्रात मुक्कामाला बंदी आहे, त्यामुळे पहिला तंबू त्याच्या हद्दीपलीकडंच लागतो, हे वेळेच्या हिशेबात धरा. वर बाथटब स्प्रिंग नावाचा झरा आहे. नाव ऐकून मला वाटलं खडकाला तसा आकार असेल. बघतो तर खराखुरा न्हाणीतला टब, झऱ्याखाली ठेवलेला, काठोकाठ भरलेला आणि कडेला बर्फाची किनार.

त्या रात्री बाटल्या गोठल्या. गाळणी, म्हणजे ते पाणी शुद्ध करायचं हातभर नळकांडं, माझ्या झोपायच्या पिशवीत पायाशी होतं म्हणून वाचलं. आतल्या बारीक नळ्यांतलं पाणी गोठलं की त्या तडकतात. बाहेरून काही दिसत नाही आणि तुम्ही रोज बिनधास्त घाण पाणी पीत राहता. थंडीची रात्र असेल तर गाळणी आणि मोबाइल तुमच्याबरोबर झोपतील, बाकीचं बाहेर राहिलं तरी चालेल.

वाटणी

आता मुद्द्यावर येतो. दोघं जण चालणार म्हटलं की पहिला विचार येतो ओझं वाटून घेण्याचा. तंबू एक, शेगडी एक, गॅस एक, गाळणी एक, नकाशा एक. हिशेबानं बरोबर. आम्हीही तेच केलं. मी काट्यावर दोन ढीग मांडले, माझा ६,८०० ग्रॅम, त्याचा ६,७५० ग्रॅम, खाणं-पाणी सोडून. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. तंबूचं कापड आणि गॅस माझ्याकडं, काठ्या, शेगडी, भांडं आणि गाळणी त्याच्याकडं.

पॅटागोनिया गाव सोडून सांता रीटा डोंगर ओलांडला, त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. तो नेहमीप्रमाणं पुढं. मी मागून घायपाताचे फोटो काढत. "पुढच्या तळ्यावर भेटू," एवढंच बोलणं झालेलं. गार्डनर कॅन्यनच्या बाजूला जुने जीपचे रस्ते वाटेला आडवेतिडवे छेदतात. मी अकरा वाजता तळ्यावर पोचलो. तळं म्हणजे गुरांसाठी मातीचा बांध घालून अडवलेलं पाणी, हिरवं, कडेला खुरांचा चिखल. दोस्त नाही. माझ्याकडं अर्धा लिटर पाणी. समोर पाच-सहा हजार लिटर पाणी, आणि त्यातला एक घोट पिता येईना, कारण गाळणी त्याच्याकडं. उकळावं म्हटलं तर गॅस माझ्याकडं, पण शेगडी आणि भांडं त्याच्याकडं. माझा तो ग्रॅमपर्यंत जुळवलेला हिशेब त्या काठावर माझ्याकडं बघून हसत होता.

मी जागा सोडली नाही, तेवढं शहाणपण सुचलं. सॅक वाटेवर दिसेल अशी ठेवली आणि झुडपाच्या सावलीत बसलो. तीन तासांनी तो उलट दिशेनं आला, लालबुंद. तो चुकून जीपच्या रस्त्यानं दुसऱ्याच तळ्यावर गेला होता. त्याच्याकडं गाळणी होती, पण ते तळं कोरडं. दोघांनी एकमेकांना बेळगावी मराठीत जे काही सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. संध्याकाळी केंटकी कॅम्पला नळाचं पाणी मिळालं. हा कॅम्प सोन्याच्या खाणीवाल्यांनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी बांधला. मातीतलं सोनं धुवायला डोंगरातून पाणी आणायची त्यांची योजना होती, तीही फार काळ चालली नाही. तिथल्या ओसरीवर बसून आम्ही सगळं सामान पुन्हा ओतलं आणि नवी वाटणी केली.

ती अशी. तंबू, शेगडी, भांडं, गॅस, टूथपेस्ट, सुई-दोरा हे सामाईक. एकट्यावर वेळ आली तर यांच्यावाचून एक रात्र निघते. पाणी साठवायच्या बाटल्या, पाणी शुद्ध करायचं साधन, नकाशा, विजेरी, शिट्टी, गरम जाकीट, एका दिवसाचं खाणं, ओआरएसची पाकिटं आणि औषधं हे ज्याचं त्याचं. गाळणी एकच ठेवायची असेल तर दुसऱ्यानं क्लोरीनच्या गोळ्यांची पट्टी खिशात ठेवायची. वजन दहा ग्रॅमसुद्धा नाही. आपल्याकडं औषधाच्या दुकानात मिळतात. पाकिटावर लिहिलेली मिनिटं घड्याळ लावून मोजायची.

दुसरा नियम भेटण्याचा. ही वाट कुरणांतून जाते, त्यामुळे दर काही मैलांवर काटेरी तारेचं फाटक असतं. फाटक जसं असेल तसं सोडायचं हा तिथला रिवाज, बंद असेल तर बंद. आम्ही त्यात आमचं जोडलं: पुढच्यानं प्रत्येक फाटकापाशी, प्रत्येक दुफाट्यावर आणि प्रत्येक पाण्यावर मागच्याची वाट बघायची, आणि मागचा दिसल्याशिवाय हलायचं नाही. त्यामुळे दोघांनाही आपापल्या चालीनं चालता आलं. एकमेकांच्या चालीशी जुळवून घ्यायला गेलं की तिसऱ्या दिवशी पुढच्याचे पाय भरून येतात आणि मागच्याचं डोकं तापतं. पहाटेचा पहिला तास मात्र एकत्र, कारण अंधार असतो, आणि त्याच वेळी दिवसाचं पाण्याचं गणित बोलून घ्यायचं.

पाण्याचं गणित

आमचं सूत्र लेथवरच्या पोराला कळेल इतकं सोपं होतं. पुढचं खात्रीचं पाणी किती किलोमीटरवर आहे ते बघा, त्याला सहानं भागा, तेवढे लिटर चालण्यासाठी. कोरड्या जागी मुक्काम असेल तर त्यात स्वयंपाक, रात्र आणि सकाळ मिळून दोन लिटर घाला. २४ किलोमीटर आणि कोरडा मुक्काम म्हणजे चार अधिक दोन, सहा लिटर. आणि सहा लिटर म्हणजे सहा किलो, त्यात वाटाघाटी नाहीत. माझं ओझं सामान ६.८, चार दिवसांचं खाणं ३ आणि पाणी ५ धरलं तरी १४.८ किलो व्हायचं. माझं वजन ७२. शरीराच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त ओझं नको म्हणतात, म्हणजे मी आधीच काठाच्या थोडा पलीकडं. म्हणून बाकी सगळं काट्यावर चढवून कमी करायचं, ते पाण्याला जागा मिळावी म्हणून.

"खात्रीचं" या शब्दावर जोर द्या. नकाशावर निळा ठिपका आहे म्हणजे पाणी आहे असं नव्हे. वाट सांभाळणारी संस्था पाण्याच्या जागांची यादी ठेवते आणि चालणारे त्यात कुठल्या तारखेला कुठं किती पाणी होतं ते भरत जातात. आम्ही गावात नेट मिळालं की ती उतरवून घ्यायचो. आठवड्याच्या आतली नोंद असेल तर विश्वास, त्याआधीची असेल तर नशीब. काही ठिकाणी वाटेच्या तोंडाशी लोखंडी पेट्या असतात. तिथं लोक पाण्याचे कॅन ठेवतात. कॅनवर नाव-तारीख असेल तर त्याला हात लावायचा नाही, कुणीतरी त्याच्या भरवशावर मागून येत असतो.

गुरांच्या तळ्याचं पाणी गाळणीत सरळ घातलंत तर दोन दिवसांत ती तुंबेल. इथं आपल्या घरची तुरटी कामाला येते. कापडी घडीबंद बादलीत पाणी घ्या, तुरटीचा खडा सात-आठ वेळा फिरवा, अर्धा तास हात लावू नका. गाळ खाली बसतो. वरचं पाणी सुती रुमालाच्या चार घड्यांतून हळूच ओता आणि मग गाळणीतून काढा. तुरटीनं जंतू मरत नाहीत, पाणी फक्त नितळतं, तेव्हा गाळणी किंवा गोळी चुकवायची नाही. तिथल्या दोन पोरांनी माझा खडा हातात घेऊन उलटसुलट बघितला. त्यांना अर्धा तोडून दिला.

तळ्याच्या काठी तंबू ठोकू नका. रात्री जनावरं पाण्याला येतात, आणि पाण्यापासून पाव मैलाच्या आत त्यांची वाट अडेल असा मुक्काम करायला तिथल्या कायद्यानं बंदी आहे. कोरड्या ओढ्याच्या तळातही झोपू नका. वाळू मऊ असते, मोह होतो, पण थंड हवा तिथंच साचते आणि वर कुठं पाऊस झाला तर पाणी सांगून येत नाही. ओढ्यापासून पन्नास-साठ फूट वर चढून खांद्यावर तंबू लावला की रात्र चार अंशांनी तरी ऊबदार जाते.

नुसतं पाणी ढोसूनही माणूस आजारी पडतो. मीठ हवंच. दिवसाला एक ओआरएस, एका पाकिटाला एक लिटर. पाकिटं संपली तर एक लिटर पाण्यात चहाच्या चमच्यानं साखर सहा सपाट चमचे, मीठ अर्धा सपाट चमचा. जास्त मीठ चांगलं असं समजून अंदाजानं घालू नका.

काटे, साप, चपला

कंगवा घ्या. केसांसाठी नव्हे. चोया नावाचा निवडुंग आहे, लांबून लोकरीच्या बाहुलीसारखा दिसतो. त्याच्या गाठी नुसत्या चाटून गेलात तरी अंगाला चिकटतात आणि काट्याला उलटी दाती असल्यामुळे हातानं काढायला गेलात की हातही अडकतो. कंगवा त्वचा आणि गाठ यांच्यामध्ये घालायचा, तोंड फिरवायचं आणि झटक्यात उडवायचं. समोर दोस्त उभा नाही एवढं आधी बघायचं. उरलेले काटे चिमट्यानं.

चपलांची गंमत सांगतो. मुक्कामावर घालायला मी अथणीच्या चामडी चपला नेल्या होत्या. काट्यावर ६४० ग्रॅम. दोस्त म्हणाला, "अरे मर्दा, ग्रॅम मोजणारा तू, आणि हे काय आणलायस?" त्याच्याकडं फोमच्या हलक्या सपाता, दोनशे ग्रॅमच्या. रिंकनच्या खोऱ्यात, जिथं पहिल्यांदा सग्वारो निवडुंग दिसायला लागतात, तिथं रात्री लघवीला उठला आणि चोयाची गाठ सपातेतून आरपार टाचेत गेली. माझ्या चपलेच्या तळात त्याच रानातले चार काटे मोडून बसले होते, मला पत्ता नव्हता. बाकी सगळं हलकं घ्या, पण तळ जाड असू द्या.

सग्वारो म्हणजे ते चित्रातलं हात वर केलेलं झाड. पहिला फाटा फुटायलाच पन्नास-पाऊणशे वर्षं लागतात. त्याला दोरी बांधू नका, सुरीनं नाव कोरू नका, कायद्यानं गुन्हा आहे.

साप असतो. रॅटलस्नेक बहुतेक वेळा शेपटी खुळखुळवून आधी बजावतो, आपली घोणस शिट्टी फुंकते तसंच. आवाज आला की जागच्या जागी थांबा, कुठून येतोय ते बघा आणि मग मागं सरका. आवाज ऐकताच उडी मारलीत तर ती सापाच्याच दिशेनं पडू शकते. कानात गाणी लावून चालू नका. बूट सकाळी उलटे करून आपटा, तिथला विंचू वाईट आहे. गावाकडं आपण हे करतोच.

शौचाचंही सांगायला हवं, कुणी लिहीत नाही. पाण्यापासून दोनशे फूट लांब, वीतभर खोल खड्डा, नंतर माती. कागद वापरत असाल तर तो पिशवीत घालून परत आणायचा. मी कागदाऐवजी झाकणाला भोक पाडलेली औषधाची २०० मिलीची पाण्याची बाटली वापरली. दाबून धार सोडली की निम्म्या बाटलीत काम होतं.

खाणं

गोकाकचा करदंट. डिंक, गूळ, सुकं खोबरं, सुका मेवा, वाळवंटात न विरघळणारा, सॅकमध्ये न चुरणारा. एका मोठ्या चढाला एक वडी. कुंदा नेऊ नका, टिकणार नाही. जोंधळ्याची कडक भाकरी आणि शेंगा चटणी दुपारसाठी उत्तम. भाकरीचे आधीच चतकोर करून डब्यात उभे रचा, नाहीतर चुरा खावा लागेल. भाजलेला रवा, फोडणी आणि मीठ घालून केलेलं कोरडं उप्पीट गरम पाणी ओतलं की सात मिनिटांत तयार. विमानतळावर खाण्याचा प्रत्येक जिन्नस जाहीर करा, लपवायला जाऊ नका. गॅसची डबी विमानात चालत नाही, तिथंच घ्यायची. दोघांना २३० ग्रॅमची डबी आठवडाभर पुरली.

एका वेळी चार-पाच दिवसांचं खाणं घ्या. पॅटागोनियात किराणा आणि पोस्ट आहे. स्वतःच्याच नावानं, "जनरल डिलिव्हरी" लिहून, आधी पार्सल पाठवून ठेवता येतं आणि ओळखपत्र दाखवून सोडवता येतं. पाचव्या-सहाव्या दिवसापासून भूक दुप्पट होते, तेव्हा पहिल्या पार्सलपेक्षा दुसरं मोठं करा. मी सगळी सारखी केली आणि शेवटचे तीन दिवस दोस्ताच्या पिशवीकडं बघत काढले.

कागद आणि यंत्र

रिंकन डोंगर सग्वारो राष्ट्रीय उद्यानात येतो. तिथं ठरलेल्या जागीच मुक्काम आणि त्याचा परवाना आधी ऑनलाइन काढावा लागतो. ग्रास शॅक आणि त्यावर आठ हजार फुटांवर मॅनिंग कॅम्प. एक रात्र खाली, एक वर, असं घ्या. एका दमात चढू नका. सकाळी सग्वारोच्या सावलीत भाकरी खाल्लेली आणि दुसऱ्या संध्याकाळी पाइनखाली हात चोळत बसलेले, असं दोन दिवसांत होतं.

मोबाइलला रेंज फारशी नाही. आमच्याकडं उपग्रहावरून निरोप पाठवणारं छोटं यंत्र होतं. रोज रात्री "पोचलो" एवढा निरोप घरी जायचा. तिथं संध्याकाळचे सात म्हणजे आपल्याकडं दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेसात, बायकोच्या चहाच्या वेळेला बरोबर. हे यंत्र इकडं आणू नका. भारतात परवान्याशिवाय सॅटेलाइट उपकरण बाळगता येत नाही आणि विमानतळावर अडकलात तर सगळ्या वाटेचा आनंद तिथंच जाईल. आमचं दोस्ताच्या कपाटात आहे, पुढच्या अकरा टप्प्यांची वाट बघत. बॅटरी निम्मी ठेवून बंद करायला त्याला सांगितलंय. त्यानं केलं असेल असं वाटत नाही.